शालूचा ध्रुव

१

माझ्या लग्नाचे फोटो मीच काढले असं सांगितलं की लोकांना ती थाप वाटते. पण खामगावात माझा स्वतःचा स्टुडिओ असताना माझ्याच लग्नात दुसऱ्या कुणी कॅमेऱ्याला हात लावावा, हे मला पटण्यासारखं नव्हतं. मी बोहल्यावरून उठायचो, मुंडावळ्या सांभाळत काळ्या कापडाखाली डोकं घालायचो, सगळं नीट लावून परत जागेवर जायचो आणि मग शकूर भिंगावरचं झाकण काढायचा. शकूर म्हणजे माझ्या शेजारच्या दुकानात तसबिरी मढवणारा माझा लहानपणापासूनचा दोस्त. भटजी चिडले होते. जावई जरा उडाणटप्पू दिसतो, असं माझे सासरे मोतीराम कुणाच्या तरी कानात बोलले आणि ते मला पंगतीतच कळलं.

लग्न जळगाव जामोदला, शालूच्या माहेरी, गोरज मुहूर्तावर होतं. सप्तपदी होईतो अंधार पडला. भटजींनी आम्हा दोघांना मांडवाबाहेर आणून उत्तरेकडे तोंड करून उभं केलं. नवरीनं ध्रुवाचा तारा पाहायचा आणि म्हणायचं, तू जसा तुझ्या जागी स्थिर आहेस, तशी मी या घरी स्थिर राहीन. हा विधी बहुतेक ठिकाणी उरकायचाच असतो. आभाळ भरलेलं असलं तरी नवरी ‘दिसला’ म्हणते आणि मंडळी जेवायला जातात.

शालूही ‘दिसला’ म्हणाली. तिनं बोट केलं, नमस्कार केला आणि भटजींच्या मागोमाग शब्द म्हटले. मी ताऱ्याकडे न बघता तिच्याकडे बघत होतो, म्हणून तिचं बोट माझ्या नजरेत आलं. ते आभाळाकडे नव्हतंच. सातपुड्याच्या काळ्या रांगेकडे, रांगेच्या माथ्याच्याही बरंच खाली होतं. बायकोला ध्रुव कुठला आणि डोंगर कुठला हेही कळत नाही, म्हणून मला गंमत वाटली आणि मी ते विसरून गेलो.

२

खामगावला आल्यावर पहिल्याच संध्याकाळी शालूनं पाण्याचा तांब्या माझ्या हाताच्या शेजारी, हवेत धरला. मी थट्टा करायला गेलो तर ती रडायलाच लागली. तिला रातांधळं होतं. दिवसा सुईत दोरा ओवायची, पण दिवस मावळला की कंदिलाच्या अगदी जवळचं तेवढं दिसे, बाकी सगळं काळं. जन्मापासूनचं होतं, औषध नव्हतं आणि लग्न जमवताना आमच्यापासून लपवलेलं होतं. आता मी तिला माहेरी नेऊन सोडणार, असं धरून ती बसली होती.

मला राग यायला हवा होता, असं आमच्या नात्यातल्या पुष्कळ लोकांचं मत पडलं. खरं सांगायचं तर मी मनातून खूश झालो. त्या काळी नवऱ्यानं बायकोचा हात चारचौघांत धरला असता तर गल्लीत महिनाभर तोच विषय झाला असता. आम्हाला तर तो दिवे लागले की धरावाच लागणार होता. पुढं रोज संध्याकाळी मी स्टुडिओ बंद करून तिला बाजारातून फिरवून आणायचो. म्हाताऱ्या बायका ओट्यावरून बघायच्या आणि कुणाला काही बोलता यायचं नाही. एवढं सुख मी कशानंही विकत घेऊ शकलो नसतो.

त्या पहिल्या रात्री मी तिला विचारलं, मग ध्रुव दिसला नव्हताच की. तिनं डोळे पुसले.

“माय म्हने, नाई दिसला तरी दिसला म्हनजो,” ती म्हणाली. “पन मले खरंच दिसला जी. एवढा बारीक, पांढरा. अंधारात मले काही दिसलं, असं पयल्यांदाच झालं.”

मला वाटलं, मांडवातली गॅसबत्ती असेल कुठली तरी.

३

शालूनं तारे कधी पाहिलेच नव्हते. ते कसे असतात, हे ती मला एकदम सगळे विचारायची. मोठे असतात का, हलतात का, एकमेकांना चिकटलेले असतात का. एक दिवस मी म्हटलं, तुला भर दुपारी तारे दाखवतो. ती म्हणाली, ते तर माह्या बापानं हुंडा देताना पाह्यले.

बेत साधा होता. अंधाऱ्या पक्षात कॅमेरा तिपाईवर उत्तरेकडे लावायचा, झाकण काढायचं आणि जेवणखाण होऊन सुपारी चघळेपर्यंत तसंच ठेवायचं. तारे सरकतात तसतशा काचेच्या प्लेटवर त्यांच्या रेघा उमटत जातात. एका जुन्या मासिकात मी असा फोटो पाहिला होता. मांडवपरतणीला आम्ही जळगावला जाणारच होतो. एसटीच्या टपावर कॅमेऱ्याची पेटी चढवताना कंडक्टर म्हणाला, सासरवाडीला कुणी एवढं सामान नेतं का. शालू खिडकीतून हसत होती.

सासऱ्यांचं शेत गावाबाहेर, पुढं सरळ सातपुडा. सासूबाई सोजराबाईंनी बांधावरच वांगी भाजली, भरीत आणि भाकरी झाली. मग मी सगळ्यांना कंदील विझवायला लावले आणि झाकण काढलं. सासरे कुरकुरत होते की अंधाराचा फोटो काढायला एवढा खटाटोप कशाला. शालू माझा हात धरून शेजारी बसली होती. जरा वेळानं तिची बोटं माझ्या हातात घट्ट झाली.

“हा काय,” ती हळूच म्हणाली. “हा दिसून राह्यला ना. तोच हाय.”

तिचा आवाज आनंदानं भरला होता. तिच्या हाताच्या रेषेत मी बघितलं. बोट डोंगराच्या उतारावर टेकलं होतं, जिथं मला काळ्या अंधाराशिवाय काही दिसत नव्हतं. सासऱ्यांना विचारलं, तिकडं कुणाचं खोपट आहे का. ते म्हणाले, तिकडं नुसता कडा आहे, बकरीही चढत नाही.

मी शालूला म्हटलं, हो, तोच.

४

प्लेट धुतली तेव्हा मी डार्करूममध्ये एकटाच ओरडलो. काय आली होती! काचेवर काळं-पांढरं उलटं उमटतं, पण सवयीनं मला ते सुलटंच दिसतं. ध्रुवाभोवती ताऱ्यांच्या शेकडो रेघा, ताटाभोवती रांगोळी काढावी तशा गोल. खुद्द ध्रुवसुद्धा किंचित सरकतो, त्याचीही बारकी चंद्रकोर उमटते, हे मला तेव्हा कळलं. खाली सातपुड्याची काळी रांग. आणि त्या काळ्यात, उताराच्या मध्यावर, एक पांढरा ठिपका.

ती रेघ नव्हती. सुईच्या टोकाएवढा, कडा स्वच्छ. कंदील असता तर वाऱ्यानं हलून पसरला असता. एवढ्या वेळात आभाळातली एकही वस्तू जागेवर थांबली नव्हती, हा थांबला होता.

शकूरनं प्लेट उजेडाकडे धरून बघितली आणि सांगून टाकलं की कॅमेऱ्याच्या भात्याला भोक पडलंय. भिंगामागचा हा घड्याघड्यांचा कातडी भाता जुना झाला की असं होतं, त्यातून उजेड शिरतो आणि ठिपका उमटतो. मला ते एकदम पटलं. पटवून घ्यायची मला घाईच होती.

फोटो कागदावर उतरवून मी दुपारी शालूच्या मांडीवर ठेवला. ती किती तरी वेळ एकेका रेघेवरून बोट फिरवत राहिली. मग मी गोलाच्या मधोमध ध्रुव दाखवला. तिनं मान हलवली.

“हा नाई,” ती म्हणाली आणि तिनं बोट खाली आणून डोंगरातल्या ठिपक्यावर ठेवलं. “हा. माहा हा हाय.”

तो कॅमेऱ्यातला दोष आहे, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, असू द्या. तो फोटो तिनं शकूरकडून मढवून घेतला आणि चुलीसमोरच्या भिंतीवर लावला. मी भात्याला आतून काळं कापड चिकटवलं. चिकटवताना माझ्या मनात आलं, दोष माझ्या कॅमेऱ्यात होता तर तिला तो शेतात बसून कसा दिसला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

५

जिल्हा परिषदा तेव्हा नव्यानंच झाल्या होत्या आणि निवडून आलेल्या प्रत्येकाला आपला फोटो भिंतीवर हवा होता. त्यामुळे माझी चंगळ होती. कोट एकच, तो मीच पेटीत घेऊन फिरायचो, आणि निम्म्या जिल्ह्याचे पुढारी त्या एका कोटात बसले आहेत. शालू बरोबर यायची. रात्री मुक्काम, तिथं आभाळ. आम्ही दोघं तारे गोळा करत हिंडत होतो असंच म्हणा ना. तसा हिवाळा माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाही.

धामणगाव बढेला आम्ही माझ्या मावशीकडे, तानाबाईकडे उतरलो. तिच्या घरामागं कापसाचं वावर, वावराच्या टोकाला बांधावर एकच मोठी बाभूळ. संध्याकाळी झाकण काढलं आणि शालू लगेच म्हणाली, आज जवळ हाय. मी विचारलं, काय जवळ आहे. ती नुसती हसली.

जेवणं झाल्यावर मी कॅमेरा आवरत होतो. शालू शेजारी नव्हती. हाक मारणार एवढ्यात मावशी कंदील घेऊन मागल्या दारात आली आणि मला झापायला लागली. सुनेला रातांधळं आहे म्हणून नात्यात बोंब मारता, आणि ती तर एवढ्या मोठ्या वावरातून अंधारात एकटी घरी आली, वाटेतल्या बाजेला वळसा घालून आली, हातातलं पाणी सांडलं नाही. चांगल्या पोरीची बदनामी कशाला करता, असं तिचं म्हणणं होतं.

मी धावत आत गेलो. शालू चुलीपाशी बसली होती, गाल लाल झालेले. मी तिला मिठी मारली, मावशीसमोर. खरंच आनंद झाला होता मला. फक्त त्या रात्री पहिल्यांदाच वावरातून घरापर्यंत माझा हात रिकामा आला होता, हे मला अंथरुणावर पडल्यावर जाणवलं.

खामगावला प्लेट धुतली. भात्यातून उजेड येणं आता शक्य नव्हतं. ताऱ्यांच्या रेघांवर बाभळीचा काळा आकार उमटला होता, आणि ठिपका बाभळीच्या खोडावर होता. खोडाच्या मागं नव्हता. पुढं होता.

६

शकूरला मी दोन्ही प्लेटा दाखवल्या. मधल्या गावांच्याही दाखवल्या. एका ठिकाणी तो नदीपलीकडे होता, पुढच्या ठिकाणी अलीकडे. शकूर एरवी दिवसभर बडबडणारा माणूस. त्यानं प्लेटा एकावर एक ठेवल्या, त्यांच्याभोवती कागद गुंडाळला.

“आता काढू नको बे, इंद्रभान,” तो म्हणाला.

मी विचारलं, काऊन. तो म्हणाला, मले काय मालूम. आणि काच कापायला बसला.

मी स्वतःशी खूप हुज्जत घातली. दिवसा डोंगराचा पायथा, बाभूळ, नदी सगळीकडे जाऊन बघून आलो होतो. राख नव्हती, पाऊलवाट नव्हती, काहीच नव्हतं. माझ्या डोळ्यांना तो कधी दिसला नाही, फक्त तिला आणि काचेला. बरं, त्यानं बिघडवलं काय? माझी बायको हसत होती. संध्याकाळी अंगणात धुणं काढायला एकटी जायला लागली होती. बाजारात मी हात पुढं करायचो तेव्हा ती मला बरं वाटावं म्हणून धरायची, हे मला कळत होतं. तिला म्हणायचं तरी काय? तिकडं बघू नकोस, असं म्हणायचं म्हणजे पुन्हा आंधळी हो म्हणायचं. ते माझ्या तोंडून निघेना.

पुढच्या अवसेच्या सुमाराला तीच म्हणाली, आपल्या गच्चीवर काढा ना, मलेबी त्यात बसवा. आमच्या गल्लीतला नगरपालिकेचा दिवा लावल्यापासून बंदच होता, त्यामुळे अंधाराची सोय होती. उत्तरेच्या कठड्यापुढं मी स्टूल ठेवलं. एवढा वेळ न हलता बसणं कुणालाच जमत नाही, हललं की माणूस प्लेटवरून पुसलं जातं. शालू बसली. मी झाकण काढून कॅमेऱ्याच्या मागं उभा राहिलो. ती माझ्याकडे बघून हसत होती, असं मला वाटलं. अंधारात दिसत तर काही नव्हतं.

प्लेट धुतली आणि भिंग लावून कोपरान् कोपरा तपासला. ठिपका कुठंच नव्हता. आभाळात नाही, शेजाऱ्यांच्या कौलांवर नाही, कठड्यावर नाही. मी डार्करूममधून बाहेर आलो आणि शकूरला उचलून गोल फिरवलं. त्याच्यासाठी जिलबी आणली. जिलबी खाताना त्यानं प्लेट एकदा हातात घेतली आणि खाणं थांबवलं.

शालूचा चेहरा स्पष्ट आला होता. नथीचे मोतीसुद्धा मोजता येत होते. चंद्र नव्हता, दिवा नव्हता, तर तिथं तिचा नुसता काळा आकार यायला हवा होता. आणि तिच्या मागं चुना दिलेल्या कठड्यावर तिची सावली पडली होती. म्हणजे उजेड समोरून येत होता. कॅमेऱ्याच्या बाजूनं. मी जिथं उभा होतो तिथून.

प्लेटमध्ये ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागं बघत होती.

७

त्या संध्याकाळी मी तिला गच्चीवर घेऊन गेलो. ठरवूनच गेलो होतो. सगळं सांगितलं, डोंगर, नदी, बाभूळ, कठडा. म्हटलं, मला भीती वाटते. तो जवळ येतोय, आणि आता त्याला आणखी जवळ यायला जागाच उरलेली नाही.

शालू ऐकत होती. तिला नवल काहीच वाटलं नाही.

“तो येऊन राह्यला हे काय मले दिसत नाई?” ती म्हणाली. “मी शब्द देला होता ना लग्नात. तुमच्या घरी स्थिर राहीन म्हनून. तो साक्षीले होता. पाह्याले आला असंल, राह्यली का नाई ते.”

“आणि पाहून झाल्यावर?”

“ते मी नाई इचारलं,” शालू म्हणाली आणि हसली. “तुमी भेव नका जी. मी राह्यली ना?”

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. मांडवाबाहेर शेकडो लोकांसमोर जे शब्द तिनं म्हटले, ते मी त्या दिवशी ऐकलेच नव्हते, मला कॅमेऱ्याची काळजी होती. ते आत्ता ऐकू आले. त्याच वेळी मानेवर, कॉलरच्या वर, काहीतरी थंड वाटत होतं, आणि वारा तर अजिबात नव्हता.

तेवढ्यात सगळ्या गावातली वीज गेली. तेव्हा ती अधूनमधून जायचीच. जिन्यातला आमचा एकुलता बल्ब विझला, मारवाड्याच्या दुकानातला रेडिओ मध्येच बंद पडला, पोरं ओरडली. मला माझा हात दिसेना. आमच्या जिन्याला कठडा नव्हता आणि पायऱ्या उंच होत्या. मी जागीच उभा राहिलो.

शालूनं माझा हात शोधला नाही. सरळ येऊन धरला. रोज संध्याकाळी मी धरायचो तसा, अंगठा वर घेऊन. “चला,” म्हणाली, आणि पुढं झाली. तिचे पाय एकदाही चाचपडले नाहीत. इथं पायरी तुटकी हाय, इथं डोकं वाकवा, असं मला सांगत होती, आणि तिला मनापासून मजा येत होती. जन्मभर दुसऱ्यांनी तिला सांगितलं, आज ती कुणाला तरी सांगत होती. मलाही हसू फुटलं. भीती गेली नव्हती, पण हसू खोटं नव्हतं.

जिना वळला तेव्हा मला तिच्या पाठीवरचं हिरवं लुगडं दिसायला लागलं. आधी नुसता काठ, मग सगळी पाठ. वीज आली असेल म्हणून मी वर बघितलं. बल्ब काळाच होता. खालून गल्लीतून अजून पोरांचा ओरडा येत होता. मी पुन्हा तिच्याकडे बघितलं. हिरव्या लुगड्यावर मधोमध एक काळा आकार होता, डोकं आणि खांदे. मी मान जराशी कलती केली. आकारानंही केली.

ती माझी सावली होती.

शालू शेवटच्या पायरीवर थांबली, मागं वळली आणि माझ्या खांद्यावरून बघत, पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाली, “सावकाश या, दोघंबी.”

मी तिचा हात घट्ट धरला आणि पुढची पायरी उतरलो.